गुगलचं पत्र घरी आलं म्हणून सगळं खरं असतं असं नाही

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका डिजिटल मार्केटिंगच्या ऑफिसनं माझे ४१,३०० रुपये घेतले. त्याहून वाईट म्हणजे माझा ब्लॉग आणि गुगल ॲडसेन्सचं (ब्लॉगवर जाहिराती लावून त्याचे पैसे देणाऱ्या गुगलच्या सेवेचं) खातं, दोन्हींची वाट लावली. तक्रार पोलिसांकडे असल्यामुळे नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सगळी सांगते, कारण घरगुती मसाले, चपला, साड्या ऑनलाइन विकणाऱ्या बायका आणि नुकती लिहायला लागलेली पोरं हेच त्यांचं गिऱ्हाईक आहे.

माझा ब्लॉग कोल्हापुरी स्वयंपाकाचा, मराठीतून. सगळ्यात जास्त वाचलं जायचं ते कांदा-लसूण चटणीचं पान. उन्हाळ्यात चटणी करायचे दिवस आले की पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्याकडच्या पोरी विचारायच्या: रंगाला ब्याडगी किती, तिखटाला संकेश्वरी किती, कांडपाला न्यायच्या आधी काय काय भाजून घ्यायचं. वाचक थोडे होते, पण शेवटपर्यंत वाचणारे होते.

एका महिला बचत गटाच्या प्रदर्शनात त्या ऑफिसचा मुलगा भेटला. "ताई, एवढं चांगलं लिहिताय आणि फुकट लिहिताय?" ऑफिसात गेले तर भिंतभर प्रमाणपत्रं, ट्रॉफ्या, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कमाईचे फ्रेम केलेले स्क्रीनशॉट. पॅकेज ३५,००० रुपयांचं, वर १८ टक्के जीएसटी. त्यात स्वतःचं डोमेन म्हणजे ब्लॉगचा इंटरनेटवरचा पत्ता, ॲडसेन्सची मंजुरी आणि 'गॅरंटीड ट्रॅफिक', म्हणजे ब्लॉगवर वाचक आणून द्यायची हमी. ॲडसेन्सचं खातं गुगल फुकट देतं आणि मंजुरी द्यायची की नाही हे तेच ठरवतं, हे त्या बोलण्यात कुठंच आलं नाही.

त्या स्क्रीनशॉटचं आधी सांगते. पुढं माझ्या भाच्यानं माझ्याच लॅपटॉपवर ते करून दाखवलं. ॲडसेन्सचं पान उघडलं, कमाईच्या आकड्यावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' दाबलं, बाजूला कोडची खिडकी उघडली. त्यात १२ डॉलर होतं तिथं १,२०० टाइप केलं. माझ्या डोळ्यांदेखत पानावरचा आकडा बदलला. तोच रंग, तीच अक्षरं, वर माझंच नाव. पान रिफ्रेश केलं की खरा आकडा परत येतो, पण तोवर फोटो काढून झालेला असतो. भिंतीवरच्या फ्रेमांची किंमत एवढीच. तुम्हाला कुणी कमाई दाखवली तर त्याला तुमच्यासमोर लॉगिन करून पान रिफ्रेश करायला सांगा, आणि बँकेचं स्टेटमेंट मागा. ॲडसेन्सचे पैसे साधारण २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात. ज्याला ते खरंच मिळतात, त्याच्या पासबुकात महिन्यामागून महिना तशी नोंद असते.

मग आलं ते पत्र. पोस्टमननं गुगलचं पाकीट घरी आणून दिलं तेव्हा सासूबाईंनी ते देवापुढं ठेवलं. ऑफिसवाल्यानं सांगितलं, हे गुगलचं तुमच्याशी झालेलं ॲग्रीमेंट. पत्र अस्सल होतं, पण ॲग्रीमेंट वगैरे काही नव्हतं. खात्यात १० डॉलर जमले की पत्ता खरा आहे का हे बघायला गुगल सहा आकडी पिन टपालानं पाठवतं, तोच तो कागद. पैसे हातात पडायला १०० डॉलर जमावे लागतात. हेच पत्र दाखवून ते दुसऱ्या बायकांकडून पैसे घेत होते, हे मला नंतर कळलं. खऱ्या कागदाचा असा वापर करणाऱ्यांचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

ट्रॅफिक वाढलं, अगदी भराभर. पण वाचक कुठून येतात ते दाखवणाऱ्या गुगल ॲनालिटिक्समध्ये सांगली, पुणे, ठाणे खाली गेलं आणि वर परदेशातली शहरं आली. मध्यरात्री येणारे, एक-दोन सेकंद थांबणारे, आणि तेवढ्यात जाहिरातीवर क्लिक करून जाणारे. चटणीची कृती दोन सेकंदांत कोण वाचतंय? ते विकत आणलेले बॉट होते, म्हणजे माणसं नव्हेत, आपोआप क्लिक करणारे प्रोग्रॅम. १०० डॉलर व्हायच्या आतच गुगलचा मेल आला: इनव्हॅलिड ट्रॅफिकमुळं, म्हणजे खोट्या क्लिकमुळं, खातं बंद. जमलेले पैसे गेले, अपील नामंजूर झालं. एका माणसाला एकच ॲडसेन्स खातं असा नियम आहे, त्यामुळं माझ्या नावावर दुसरं काढायची वाटही बंद झाली. क्लिक त्यांनी आणले, शिक्षा मला.

जाब विचारला तेव्हा कळलं की डोमेन आणि होस्टिंग (ब्लॉग ठेवायची इंटरनेटवरची जागा) त्यांच्या ईमेलवर घेतलंय. माझ्याच नावाचा पत्ता माझ्याकडं करून द्यायला 'ट्रान्सफर चार्ज' २०,००० रुपये. मी दिले नाहीत. थोड्याच दिवसांत ऑफिसला कुलूप लागलं. पावतीवरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघितला, तर तो भलत्याच धंद्याचा निघाला. हे कुणालाही, पैसे भरायच्या आधी, मोबाइलवर बघता येतं. आपल्या राज्यातला नंबर २७ नं सुरू होतो आणि तो टाकल्यावर नोंदणी कुणाची ते नाव समोर येतं.

डोमेन स्वतःच्या ईमेलवरून आणि स्वतःच्या कार्डानं घ्या. साधं डॉट कॉम वर्षाला हजार-दीड हजारात मिळतं. कुणाला काम द्यायचंच असेल तर ॲडसेन्स आणि ॲनालिटिक्समध्ये त्याचा ईमेल जोडून मर्यादित अधिकार देता येतात, आणि काम संपल्यावर काढूनही घेता येतात. पासवर्ड मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ट्रॅफिकची गॅरंटी देणाऱ्याला विचारा, वाचक कुठून आणणार? याचं सरळ उत्तर मिळत नसेल तर तिथंच उठा.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. माझ्या तक्रारीला बिल, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, गुगलचा मेल आणि ट्रॅफिकचे अहवाल जोडलेत. राजारामपुरीत अशाच ऑफिसात पैसे भरलेल्यांनी व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि पावत्या पुसू नका, आणि लाजून घरी बसू नका. माझ्या एकटीचे ४१,३०० पोलिसांना किरकोळ वाटतील, दहाजणींच्या तक्रारी एका टेबलावर आल्या की तसं म्हणता येणार नाही.