नियम क्रमांक नऊ मी स्वतःच पिवळा केला होता

परवा आमच्या जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) बॅचच्या ग्रुपवर एका मैत्रिणीनं पीडीएफ टाकली. ‘परदेशी स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शक सूचना’. १४ पानं, निळं मुखपृष्ठ, वर तंबूंचा फोटो. खाली तिनं लिहिलेलं, “केनियाला नर्स पाहिजेत म्हणे, कुणाला जायचंय का?” मला ते पानन् पान पाठ आहे. फक्त संस्थेचं नाव बदललंय आणि रजिस्ट्रेशन ४,५०० चं ६,५०० झालंय. सात महिने मी लाजेनं तोंड मिटून बसले होते. आता लिहिते.

माझे १,८६,८०० रुपये गेले.

शिकलेली बाई कशी फसली, हे मला पोलीस ठाण्यात, बँकेत आणि माहेरी मिळून बक्कळ लोकांनी विचारून झालंय, तेव्हा तुम्ही विचारू नका. १४ वर्षं आयसीयूत काढलीत. औषधाचा डोस दोनदा तपासल्याशिवाय सलाईनमध्ये सोडत नाही मी. आणि पैशाच्या लोभानं फसले असंही नाही. लोभी माणूस निदान जास्तीच्या आशेनं तरी पैसे भरतो. मी सहा महिने बिनपगारी राबायला निघाले होते आणि वरून पैसे भरत होते.

का निघाले होते, तेही सांगते. माझं माहेर किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या आसपास, जमीन हलली तेव्हा मी सात वर्षांची. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. आजी दगडमातीच्या भिंतीखाली गेली. पुढं तंबूत एका गोऱ्या नर्सबाईनं माझ्या पायाची जखम रोज येऊन धुतली. तिला आमचं बोलणं कळत नव्हतं, आम्हाला तिचं. पण यायची. नर्सिंगला गेले ती तिच्यामुळं. कधीतरी आपणही कुणाच्या तंबूत जायचं, एवढंच डोक्यात होतं, आणि त्या भामट्यांना नेमकं हेच पाहिजे असतं. अर्जात एक रकाना होता, ‘तुम्हाला का यायचं आहे?’ मी दीड पान लिहिलं. मासा स्वतःच गळाला लागून वर माहिती भरून देत होता.

जगभर नाव असलेल्या एका मदत संस्थेच्या नावानं हे चालू होतं. तिचं नाव लिहीत नाही, तिचा यात काही दोष नाही. काम केनियातल्या काकुमाच्या निर्वासित छावणीत. छावणी खरी आहे, तुर्काना भागात, १९९२ पासूनची. फोनवर मुलाखत झाली, कॅमेरा ‘नेटवर्कमुळे’ बंद. त्यानं विचारलं, मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली असेल तर काय समजायचं? मी म्हटलं, तीव्र कुपोषण. तो म्हणाला, “एक्सलंट, सिस्टर.” मी हुरळले. एवढं माहीत असणारा माणूस चोर कसा असेल, असं वाटलं. वाचून घेतलेलं असतं हो त्यांनी, पाठ केलेलं असतं.

मग ती पीडीएफ आली, आणि खरी फसगत तिथंच झाली. कारण त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. छावणीतल्या लोकांचे, विशेषतः मुलांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका. लाभार्थ्यांना भेटवस्तू, पैसे देऊ नका, त्यांच्याकडून घेऊ नका. अंधार पडल्यावर एकट्यानं बाहेर पडू नका. मलेरियाच्या गोळ्या, पिवळ्या तापाची लस, पासपोर्टच्या प्रती, घरच्यांचा आणीबाणीचा नंबर. टुरिस्ट म्हणून जाऊन काम करता येत नाही, परवाना लागतो. कुठल्या तरी खऱ्या संस्थेची नियमावली उचलून वर आपला शिक्का मारला होता, हे आता कळतं.

आणि त्यात नियम क्रमांक नऊ होता. निवडीच्या, प्रशिक्षणाच्या किंवा प्रवासाच्या नावाखाली स्वयंसेवकाकडून कुणीही पैसे मागत असेल तर देऊ नये, लगेच कळवावं.

मी हे वाचलं. प्रिंट काढून आणली होती, तिच्यावर पिवळ्या मार्करनं ओळ रंगवली. रात्री जेवताना आमच्या ह्यांना मराठीतून वाचून दाखवली, “बघा, किती स्वच्छ कारभार आहे.” आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ड्युटीवरून आल्या आल्या ४६,००० पाठवले! तो कागद अजून आहे घरात. रात्री झोप लागत नाही तेव्हा ती पिवळी ओळच डोळ्यापुढं येते, पैसे नाही.

मी विचारलं नव्हतं असंही नाही. विचारलं. त्याचं उत्तर तयार होतं, “तो नियम एजंट लोकांसाठी आहे सिस्टर, आपलं तर रिफंडेबल आहे.” परत मिळणारे पैसे म्हणजे दिलेले पैसेच नाहीत, असा तो हिशेब.

कसे गेले ते लिहिते. रजिस्ट्रेशन ४,५००. मेडिकल आणि ओरिएंटेशन १२,८००. विमा, ‘परत मिळणारा’, ४६,०००. व्हिसा ३८,५००. सिक्युरिटी डिपॉझिट, हेही ‘परत मिळणारं’, ८५,०००. भिशी उचलली होती तिचे ५०,०००, पाटल्या ठेवून गोल्ड लोन ९०,०००, बाकी ४६,८०० साठवलेले. गोल्ड लोनच्या काउंटरवरचे काका ओळखीचे. विचारलं, “सिस्टर, नोकरीला जायलाव का?” म्हटलं, “नाही काका, सेवेला.” त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं, पाटल्या वजन केल्या आणि काही बोलले नाहीत. तेव्हा रागच आला होता त्यांचा.

विमा, व्हिसा, डिपॉझिट या तिन्ही वेळा पैसे वेगवेगळ्या खात्यांत. तिन्ही बचत खाती, तिन्ही माणसांच्या नावाची. पैसे पाठवायच्या आधी मोबाईलवर नाव दिसतं. कुणा बाईचं नाव होतं एकदा. जिनीव्हात ऑफिस सांगणारी संस्था कुणा बाईच्या बचत खात्यात विम्याचे पैसे कशाला घेईल? त्या नावावरून बोट फिरवून पिन टाकला मी.

व्हिसाचं तर हसू येतं. केनियानं जानेवारी २०२४ पासून व्हिसाच बंद केलाय, ऑनलाइन प्रवास परवानगी घ्यावी लागते, तीही आपली आपण काढता येते. शोधलं तर दोन मिनिटांत सापडतं. मी दोन मिनिटं काढली नाहीत आणि पिवळ्या तापाच्या लशीसाठी मुंबईला जायला दोन दिवस काढले. सरकारी केंद्रात ३०० रुपये, रीतसर शिक्का, पिवळं कार्ड, जन्मभर चालतं. या सगळ्या प्रकरणात खरी निघालेली वस्तू तेवढी एकच.

पुढं ६२,००० मागितले, ‘दहशतवादविरोधी क्लिअरन्स’ म्हणून. तेव्हा पुतण्या शेजारी बसला होता. मेल बघून म्हणाला, “काकू, ह्या पत्त्यात एक अक्षर जास्त हाय की.” तिथं संपलं.

बाई गं, पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर अक्षर वाच. संस्थेच्या वेबसाइटवर आपणहून जा, त्यांनी दिलेल्या लिंकवरून नको, आणि तिथं तुझी जागा जाहीर झालीय का बघ. अशा मोठ्या मदत संस्था निवडीसाठी पैसे घेत नाहीत, उलट देतात. १९७१ साली पॅरिसला निघालेली ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था भरतीसाठी एक रुपया घेत नाही, प्रवास, राहणं, विमा तीच बघते. बॉनला मुख्यालय असलेली संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक योजना तर वर निर्वाह भत्ता देते. परदेशी नोकरी लावणारा सरकारी नोंदणीचा एजंटसुद्धा ३०,००० आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. हे सगळं मला पैसे गेल्यावर कळलं.

आता पोलीस ठाण्याचं. जिल्ह्याचं नाव घालत नाही, अजून तिथंच खेटे घालायचेत. पहिल्या दिवशी सांगितलं, हे सायबरचं काम, तिकडं जा. सायबरला सांगितलं, रक्कम लहान आहे, आधी हद्दीतल्या ठाण्यातून अर्ज फिरवून आणा. एक लाख शहाऐंशी हजार आठशे लहान! एका साहेबांनी विचारलं, “मॅडम, ओटीपी दिला का तुम्ही?” नाही. “कुणी धमकावलं?” नाही. “म्हणजे स्वतःच पाठवले ना?” आणि हसले. मी म्हटलं, साहेब, फसवणूक म्हणतात ती ह्यालाच. एफआयआर नको, अर्ज द्या, असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी साहेब बंदोबस्तात. परदेशी नोकरीच्या एजंटांवर लक्ष ठेवणाऱ्या कार्यालयाला लिहिलं, तर उत्तर आलं की ही नोकरी नव्हे, सेवा आहे, आमच्या कक्षेत येत नाही. म्हणजे पगार ठरला असता तर मी फसले असते, पगार नव्हता म्हणून फसलेच नाही. बँकेत मॅनेजर म्हणाले, व्यवहार तुम्हीच ‘ऑथोराइज’ केलाय.

मीही उशीर केला, ते मान्य करते. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन नवव्या दिवशी लावला, आधी लाजच वाटत होती. ज्याचे पैसे गेलेत त्यानं त्याच तासात फोन लावावा, घरच्यांना नंतर सांगितलं तरी चालेल. पैसा पुढच्या खात्यात सरकला की संपलं. माझ्या रकमेपैकी ११,३४० रुपये एका खात्यात अडकवलेत म्हणे. ते सोडवायला बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात बँकेचं सही-शिक्क्याचं स्टेटमेंट आणा.

ग्रुपवर त्या पीडीएफखाली मी लिहिलं, पान सहावर नियम क्रमांक नऊ वाचा. मैत्रिणीचा रात्री फोन आला. तिनं रजिस्ट्रेशन भरलं होतं. तिथंच तिला १९३० लावायला लावला.

मंगळवारी सुट्टी टाकलीय. ती आणि मी दोघी जाणार आहोत, झेरॉक्सचे तीन-तीन संच घेऊन.