लेथच्या सॅडलला स्क्रॅपिंग की टर्साइट?

जुन्या लेथचा बेड, म्हणजे ज्यावर बाकीचं सगळं सरकतं तो पाया, ग्राइंड करून आणायचा, यावर कुणाचं दुमत नसतं. घोडं अडतं ते सॅडलच्या (बेडवरून सरकणारा भाग) आणि क्रॉस स्लाइडच्या (त्यावर आडवी सरकून टूल पुढे-मागे नेणारी) खालच्या बाजूला. तिथे बिडावर (कास्ट आयर्नवर) बीडच ठेवून हाताने स्क्रॅपिंग करून, म्हणजे खरवडून घ्यायचं, की टर्साइटची मऊ, टेफ्लॉनसारखी पट्टी चिकटवायची? माझ्या शेडमध्ये दोन्ही प्रकारची मशिनं चालतात, त्यामुळे जे सांगतो ते हँडल फिरवणाऱ्या हाताच्या अनुभवावरून. मापं घेऊन कुणी वेगळं दाखवलं तर ऐकायची तयारी आहे.

स्क्रॅपिंगचा मान मोठा आहे आणि तो रास्त आहे. ब्ल्यू (निळा रंग) लावून, घासून, उंचवटे खरवडत चांगला फिटर इंचभर चौकोनात वीसेक पॉइंट, म्हणजे टेकणारे ठिपके, आणतो. भार त्या ठिपक्यांवर पडतो आणि मधल्या काही मायक्रॉन खोल खळग्यांत तेल टिकून राहतं. दोन्ही पृष्ठं नुसतीच गुळगुळीत आणि सपाट केली, तर मधलं तेल पिळून निघतं आणि स्लिप गेजसारखी (मापाच्या गुळगुळीत ठोकळ्यांसारखी) ती एकमेकांना धरून बसतात. शिवाय बिडात स्वतःचं ग्राफाइट असतं, आणि बीड दबत नाही. चौकोनी बार गोल करताना टूल दर फेऱ्याला ठोके खातं, तेव्हा ही भक्कमपणाची बाजू कळते. (विकाऊ मशिनवर झळकणाऱ्या, स्क्रॅपरने मारलेल्या चंद्रकोरींवर मात्र भाळू नका. झिजलेल्या स्लाइडवरही त्या मारता येतात.)

आता माझी अडचण. ६२०५ बेअरिंगचं हाउसिंग (ते ज्यात बसतं तो भाग) घ्या. ५२ मिमीचा बोअर (भोक), एच ७ फिट, म्हणजे मापात चालणारा फरक, सगळा खेळ, तीस मायक्रॉनचा. शेवटच्या कटाला डायलवर अर्धी रेघ पुढे जायचं असतं. हँडल हलकंच दाबलं, स्लाइड ढिम्म. अजून थोडं दाबलं, तरी ढिम्म. मग एकदम उडी मारते आणि हवं त्याच्या दुप्पट-तिप्पट पुढे जाऊन बसते. बॅकलॅश (स्क्रू-नटमधली ढिलाई) काढून घेतला, गिब (स्लाइडची ढिलाई काढणारी पट्टी) नीट बसवली, तरी हेच.

कारण साधं आहे. थांबलेली स्लाइड सुटायला जेवढा जोर लागतो, त्यापेक्षा ती चालू ठेवायला कमी लागतो. तोवर स्क्रूमध्ये स्प्रिंगसारखा ताण साठतो आणि स्लाइड सुटली की तो एका झटक्यात मोकळा होतो. श्ट्रिबेक यांनी १९०२ च्या सुमाराला बेअरिंगच्या घर्षणाचा जो वक्र मांडला, त्याच्या डाव्या, चढ्या टोकाला आपली स्लाइड कायम असते. वेग इतका कमी की तेलाचा पूर्ण थर उभाच राहत नाही. स्लाइडवेसाठीचं ६८ नंबरचं तेल वापरलं तर फरक पडतो. साधं हायड्रॉलिक तेल ओतून भागत नाही. पण सुट्टीनंतरच्या सकाळी स्क्रॅप केलेली स्लाइडसुद्धा पहिली काही मिनिटं अडते, निदान माझ्याकडे तरी.

टर्साइट म्हणजे ब्राँझची पूड मिसळलेलं टेफ्लॉन. त्यात थांबलेलं आणि चालतं घर्षण जवळपास सारखंच, त्यामुळे उडी मारायला ताण साठतच नाही. अर्धी रेघ मागितली की अर्धी रेघच मिळते. दुसरा फायदा उंचीचा. बेड ग्राइंड झाला की सॅडल खाली उतरतं आणि त्याला चालवणारे लीड स्क्रू, फीड रॉड यांची रेघ बिघडते. पट्टीच्या जाडीने ती उंची परत मिळवता येते.

दोष आहेतच. पट्टी मऊ असल्याने बारीक चिप तिच्यात रुतते आणि मग तीच चिप बेडवर ओरखडे काढत बसते. बिडाची धूळ तर फारच वाईट. वायपर (बेडवरचा कचरा पुसणाऱ्या पट्ट्या) चांगले नसतील तर टर्साइटच्या वाटेला जाऊ नका. चिकटवण्यातही हयगय चालत नाही. पट्टीची एक बाजू रसायनाने खरखरीत केलेली हवी, नाहीतर इपॉक्सी टेफ्लॉनला धरतच नाही. पट्टी नेहमी सॅडलला लावायची, बेडला नाही. ऑईल ग्रूव्ह (तेलाच्या खाचा) काठापर्यंत नेले तर तेल कामाला येण्याआधीच बाहेर पळतं, आणि ते पट्टीच्या आरपारही जाऊ नयेत.

ग्रूव्हच्या जागेचं महत्त्व जुनं आहे. १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये बीचम टॉवर यांनी रेल्वेच्या बेअरिंगला वरून तेलाचं भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी त्यातून वर आलं. लाकडी खुंटी ठोकली, ती दाबाने बाहेर निघाली. भार जिथे सर्वात जास्त, तिथेच त्यांनी भोक पाडलं होतं. आपल्या सॅडलवर तसा दाब तयार होत नाही, पण ग्रूव्ह कुठे संपवायचा याचा विचार तिथेही करावाच लागतो.

तुमच्याकडे दिवसभर बिडाचं कास्टिंग चालत असेल, ठोके खाणारं काम जास्त असेल आणि हाताशी खरा स्क्रॅपिंगवाला फिटर असेल, तर स्क्रॅपिंगच करून घ्या. मी अडवणार नाही. पण असे फिटर आमच्याकडे आता वयस्कर झालेत आणि त्यांची तारीख मिळवणं हेच एक काम होऊन बसतं. टर्साइटलाही चिकटवल्यावर हलकं स्क्रॅपिंग लागतं, पण मऊ पट्टीवर ते लवकर उरकतं.

बेअरिंग सीट, बुश, फिटची कामं जास्त असतील तर माझा कल टर्साइटकडे आहे. पैसे एकाच जागेपुरते असतील तर आधी क्रॉस स्लाइड घ्या, सॅडल थांबू शकतं. फक्त तिथे पट्टी लावण्याआधी तिच्या जाडीइतकं मिलिंग करून घ्या, नाहीतर स्क्रू आणि नट एका रेषेत राहणार नाहीत.