झॉर्क १, काही महिने खेळल्यानंतर: चोराला घाईने मारू नका

इन्फोकॉमचा हा १९८० चा टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर फ्रॉट्झवर, म्हणजे असे जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, छान चालतो. चित्र नाही, आवाज नाही. मजकूर वाचायचा आणि आज्ञा टाइप करायची. भुयारातल्या १९ मौल्यवान वस्तू दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवून ३५० गुण करायचे. कोडी उत्तम आहेतच, पण गेमचा जीव आहे तो भुयारात फिरणारा चोर.

घराच्या मागच्या खिडकीतून आत शिरा. लसूण, कंदील, तलवार आणि माळ्यावरचा दोर व सुरा घ्या. 'मूव्ह रग', 'ओपन ट्रॅप डोअर', 'टर्न ऑन लॅम्प', 'डाउन'. पहिल्यांदा उतरताच वरचं दार बंद होतं, घाबरू नका. स्टुडिओतल्या धुराड्यातून स्वयंपाकघरात चढता येतं, मात्र हातात कंदील आणि आणखी एकच वस्तू हवी.

चक्रव्यूहात खुणेसाठी वस्तू टाकत जाणं ही जुनी रीत. इथे ती फसते, कारण चोर त्या उचलून भलतीकडे टाकतो. मधेच दुरून, 'ही वस्तू इथे काय करतेय' असं स्वतःशी बोलणारा त्याचा आवाज ऐकू येतो. माणूस दिसत नाही, नकाशा मात्र बिघडलेला असतो! आत जाण्याआधी सेव्ह करा आणि नकाशा कागदावर लगेच काढा. सांगाड्याला हात लावू नका.

बहुतेकांचा गेम अडतो तो झाडावरच्या रत्नजडित अंड्यापाशी. आपण जोर लावून उघडलं, तर आतला यांत्रिक पक्षी मोडतो आणि गुण कायमचे जातात. ते अलगद उघडणं फक्त चोराला जमतं. अंडं त्याला द्या, तो ते आपल्या खोलीत नेऊन उघडेल. त्याआधीच त्याला मारलंत, तर ३५० गुण विसरा.

चोराची खोली सायक्लॉप्स या एकाक्ष राक्षसाच्या वरच्या मजल्यावर आहे. 'युलिसिस' म्हटलं की राक्षस भिंत फोडून पळतो आणि थेट दिवाणखान्यात जाणारी वाट मिळते. चोराशी लढायला मात्र घाई नको. गुणांबरोबर आपली ताकद वाढते, म्हणून आधी बरीचशी लूट कपाटात जमा करा. भुयारात वाट अडवणाऱ्या ट्रोल या दैत्यासाठी तलवार, चोरासाठी सुरा. एखादी मौल्यवान वस्तू हातात दिली की तो ती न्याहाळत बसतो, वार करायची हीच वेळ. आपण त्याच्या खोलीत शिरताच तो हात हलवून सगळी लूट अदृश्य करतो. तो मेला की ती पुन्हा दिसते.

मशाल कधी विझत नाही, पण तीही मौल्यवान असल्याने चोर पळवतो आणि तुम्ही अंधारात अडकता. कंदील कायम जवळ ठेवा, फक्त मशाल असताना तो विझवा. कोळशाच्या खाणीतल्या गॅसच्या खोलीत मशाल नेली की स्फोट होतो, तिथे कंदीलच हवा. वटवाघळाला दूर ठेवायला लसूण जवळ असू द्या.

पार्सर, म्हणजे आज्ञा समजून घेणारा गेमचा भाग, प्रत्येक शब्दाची पहिली सहाच अक्षरं पाहतो. 'अनडू' मूळ गेममध्ये नाही, फ्रॉट्झ देतो. तरी चोराच्या खोलीआधीचा सेव्ह वेगळ्या नावाने ठेवा, कारण लढाईचा निकाल दरवेळी सारखा नसतो.