बाग देखणी, विटांचा हिशेब कच्चा: साताऱ्यातल्या एका लँडस्केपिंग कंपनीची मजूर-तपासणी

सातारा एमआयडीसी, वाई-पाचगणीची रिसॉर्ट आणि कराडच्या नव्या सोसायट्या यांची बागकामं घेणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीचं हे परीक्षण. लॉन, ठिबक, रोपांची निवड यांत बोट ठेवायला जागा नाही. पाइप बुजवण्याआधी प्रेशर तपासतात, माती चाळून टाकतात, मेलेलं रोप कुरकुर न करता बदलून देतात. पण कोटेशनच्या शेवटी ते एक ओळ लिहून देतात: ‘आमच्या कामात व पुरवठा साखळीत वेठबिगारी नाही.’ ही ओळ कितपत धरून चालावी, एवढंच इथे पाहायचं आहे.

सोबतचं धोरणपत्र आधी बाजूला ठेवा. ब्रिटनच्या 2015 च्या मॉडर्न स्लेव्हरी कायद्याखाली वर्षाला 3 कोटी 60 लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना निवेदन काढावं लागतं, त्यातलंच कुठलं तरी उतरवून घेतलंय. साताऱ्याच्या बागवाल्याच्या लेटरहेडवर पौंडांचा आकडा तसाच राहिला आहे. आपल्याला लागू पडतो तो 1976 चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा. कर्जापोटी माणसाला राबवून घेणं हा त्याखाली गुन्हा आहे, आणि ते कर्जही रद्द ठरतं. शिवाय 1982 च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी पैशांत घेतलेलं काम घटनेच्या कलम 23 मधली सक्तीची मजुरीच ठरवलं. म्हणून तपासणी सुरू करायची ती उचलीच्या, म्हणजे मजुराला आगाऊ दिलेल्या पैशांच्या, वहीपासून.

ही वही कंपनी नीट ठेवते. प्रत्येक उचलीपुढे मजुराची सही, एक प्रत मजुराच्या हातात, आणि एका महिन्याच्या मजुरीपेक्षा जास्त उचल नाही. नवराबायकोची खाती वेगळी, मूळ आधार कार्ड मुकादमाकडे ठेवायला मनाई. खरी हुशारी मात्र पावसाळ्यात दिसते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाचगणी-महाबळेश्वर पट्ट्यात पेव्हर, दगडकाम, खोदाई सगळं थांबतं. लागवड चालू असते, पण तिला मोजकेच हात लागतात. रिकाम्या बसलेल्या नवराबायकोच्या जोडीला मुकादम याच दिवसांत पैसे सोडतो, आणि पाऊस सरल्यावर बाजारात दर कितीही चढो, ती जोडी जुन्या दरालाच बांधलेली राहते. कंपनी या चार महिन्यांत आपल्या लोकांना नर्सरीत पिशव्या भरायला, कलमं करायला, कुंड्या बदलायला घेते. उचल मुळातच लागू नये, अशी ही सोय आहे, आणि धोरणपत्रात तिचा उल्लेखही नाही!

वहीत दोन भोकं आहेत. पगार खात्यावर जातो, पण एटीएम कार्ड कुणाच्या खिशात आहे हे कुणी विचारत नाही. पासबुकं शेजारी शेजारी ठेवून बघा: आठ-दहा जणांचा सगळा पगार एकाच दिवशी, एकाच मशीनवरून निघत असेल तर रोख परत मुकादमाकडे चाललीय असं समजा. दुसरं, नवीन टोळी आणताना तिची आधीच्या मुकादमाकडची बाकी नवा मुकादम भागवतो. ऊसतोडीत हे सर्रास चालतं, तिथूनच ते इकडे आलंय. ही रक्कम कंपनीने दिलेली नसल्यामुळे कंपनीच्या वहीत तिला रकानाच नाही. प्रत्येक माणसाला, मुकादम लांब असताना आणि त्याला समजेल अशा भाषेत (कानडी बोलणारी बरीच मंडळी असतात) एकच विचारायचं: ‘उद्या काम सोडलं तर कुणाला किती द्यावे लागतील?’

साइटबाहेर गेलं की पकड सुटते. वाफ्यांच्या कडेला लागणाऱ्या भाजक्या विटा नदीकाठच्या भट्ट्यांवरून येतात. तिथे दर हजारी असतो. थापलेली वीट मोजली जाते, थापणारे हात मोजले जात नाहीत. त्यामुळे नाव नवऱ्याचं, काम बायकोचंही आणि वीट उलटवायला पोरं. आठवड्याला फक्त खर्ची मिळते, हिशेब हंगाम संपल्यावर. उचल आणि खर्ची वजा जाऊन काही उरलं नाही, तर पुढच्या हंगामाची बांधिलकी आपोआप होते. कंपनीकडे भट्टीचं बिल आहे, त्यापलीकडे काही नाही. भट्टीवाल्याकडून तीन गोष्टी तरी मागता येतात: हंगामाच्या मध्यावरचा लेखी हिशेब, बायकांची नावं स्वतंत्र, मुलं कुठल्या शाळेत जातात त्याची नोंद.

ड्राइव्हवेसाठी वापरतात त्या राजस्थानी कॉबलची अवस्था याहून वाईट. बुंदी जिल्ह्यातल्या बुधपुरा भागात खाणीच्या टाकाऊ सँडस्टोनमधून हे चौकोनी दगड नगावारी फोडले जातात. मुलांच्या मजुरीसाठी हा भाग ओळखला जातो, आणि धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो तो वेगळाच. कंपनीचं बिल डीलरपर्यंत जाऊन थांबतं. स्थानिक काळ्या दगडाचं निदान रॉयल्टी पावतीवरून खाणीपर्यंत पोहोचता येतं. पावती मजुरांबद्दल काही सांगत नाही, पण कुठे जाऊन पाहायचं ते कळतं.

गिऱ्हाइकाच्या हातात एक साधा हिशेब आहे, तो करावाच. समजा 8,000 चौरस फूट पेव्हर बसवायला सहा जण दहा दिवस लागणार, म्हणजे 60 मनुष्यदिवस. मजुरी फुटाला 5 रुपये लावली तर 40,000, माणशी दिवसाला 666 रुपये. यातून मुकादमाचं कमिशन, भाडं, पीएफ काढा आणि उरलेला आकडा चालू किमान वेतनाशी ताडून पाहा. खाली गेला तर ते स्वस्त कोटेशन कुणाच्या पोटातून निघतंय हे उघड आहे. या कंपनीचा दर इतरांहून थोडा चढा आहे आणि या हिशेबात तो बसतो.

आमचं मत: लागवड, लॉन, ठिबक आणि देखभाल यांसाठी कंपनी निर्धास्त निवडा, वर्क ऑर्डरमध्ये एटीएम कार्ड आणि जुनी बाकी या दोन तपासण्या घालून. कडांना भाजक्या विटेऐवजी एमआयडीसीतल्या कारखान्यात होणारे काँक्रीटचे कर्ब मागा. तिथलं हजेरीपुस्तक जाऊन बघता येतं. कॉबल तूर्त नकोच. साइटवर वेठबिगारीचा संशय आला तर लेखी तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांत कार्यालयात द्यावी, मूल राबताना दिसलं तर 1098 हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर लावावा. मुकादमाला आधी जाब विचारू नका, रातोरात टोळी हलवली जाते.