फुप्फुसाच्या ऑपरेशनमधल्या क्लिपा: धातूच्या की पॉलिमरच्या?

दुर्बिणीतून फुप्फुसाचा भाग काढायचं ठरलं की आपण खर्च विचारतो, सुट्टी कधी मिळेल विचारतो. आत कायमचं काय राहणार, हे आम्हीही विचारलं नव्हतं.

अण्णांचं ऑपरेशन संभाजीनगरला झालं. दोन वर्षांनी ढास लागली, रुमालावर रक्ताचा ठिपका दिसला. तालुक्याला टीबीचा संशय घेतला. थुंकी निगेटिव्ह, एक्स-रे जुन्यासारखाच. एके सकाळी न्हाणीत उबळीसरशी पांढरा, टणक, आकड्यासारखा तुकडा बाहेर पडला. कापलेली रक्तवाहिनी बंद ठेवायला लावलेली पॉलिमरची, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकची, क्लिप होती ती, श्वासनळीची भिंत झिजवून आत आलेली.

असं क्वचितच होतं, आणि धातूच्या क्लिपेनंही झाल्याच्या नोंदी आहेत. तरी दोन्हींत फरक आहे.

टायटॅनियमची क्लिप दाबून चपटी करतात. बारीक आणि स्वस्त असते. तिला कुलूप नसतं, त्यामुळे ओढ बसली तर घसरते आणि रक्तस्राव होऊ शकतो. पण एक्स-रेत ठळक दिसते, जागा सोडली तर कळतं. सीटीत तिच्याभोवती थोडी चकाकी येते. एमआरआय सहसा करता येतो, आधी सांगायचं मात्र.

पॉलिमरची क्लिप टोकाला खटकन अडकते, पकड घट्ट. म्हणून निर्धास्त व्हावं असं नाही: जिवंत दात्याची किडनी दुर्बिणीतून काढताना तिच्या धमनीला ही क्लिप लावू नये, असा इशारा औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं २०११ मध्ये दिला होता. अंगानं ती जाड आणि कडक असते. साध्या एक्स-रेत ती दिसतच नाही, आणि आमचे महिने तिथेच गेले.

तिसरा पर्याय स्टेपलरचा, म्हणजे पिना मारून वाहिनी बंद करणाऱ्या यंत्राचा. तो महाग पडतो आणि त्याला जागा लागते. मोठ्या वाहिन्यांना आणि श्वासनळीला बहुधा तोच वापरतात.

माझं मत विचाराल तर बारीक वाहिनीला सर्जनचा हात बसलेली कुठलीही क्लिप चालेल. श्वासनळीच्या कापलेल्या टोकाजवळ पॉलिमरची लावणार असतील तर दोऱ्यानं बांधता येईल का, एवढं सर्जनला जरूर विचारा.

नंतर क्लिप सरकल्याचं कळलं तर? नळीत सुटी पडलेली असेल तर ब्राँकोस्कोपीत, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून, चिमट्यानं निघते. अर्धी भिंतीत रुतलेली असेल तर आधी सीटी. शेजारी मोठी वाहिनी असताना ओढणं धोक्याचं.

अण्णांच्या डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘क्लिपा लावल्या’ एवढंच होतं. कशाच्या, किती, कुठे, हे सुट्टी घेण्याआधीच लिहून घ्या.