जिवाणूंच्या नावाखाली काळं पाणी विकलं मला

रावेर तालुक्यात आमची केळी आहे, मृगबाग म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली, जी-नाईन वाण, तीन हजार खोडं. आधीच सांगतो, मी जिवाणू खतांच्या विरोधात नाहीये, उलट चार वर्षं लागवडीला झाडामागे २५ ग्रॅम अ‍ॅझोस्पिरिलम (नत्र म्हणजे नायट्रोजन देणारे जिवाणू) आणि २५ ग्रॅम पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) शेणखतात कालवून देतोय, फरक दिसतो, आणि म्हणूनच फसलो. विश्वास नसता तर त्या पोरांना बांधावरूनच परत पाठवलं असतं.

दिवाळीनंतर दोघं गाडी घेऊन आले. बोलायला गोड, प्रत्येक वाक्यात काका. पाच लिटरचा कॅन, वर केळीच्या घडाचा मोठा फोटो आणि 'नऊ प्रकारचे जिवाणू'. एका बाटलीत कोमट गुळाचं पाणी, त्यात झाकणभर ते काळं द्रावण ओतलं आणि तोंडाला फुगा बांधला. आमचा चहा झाला, गप्पा झाल्या, तास-दीड तासात फुगा टम्म. "बघा काका, जिवंत आहेत!" ओट्यावरचे सगळे बघतच राहिले. कॅन ४,२०० ला, ७५० खोडांना एक आणि दोनदा ठिबकमधून सोडायचं, म्हणजे ८ कॅन, ३३,६०० रुपये रोख. बिल मागितलं तर कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला, तुमचाच जीएसटी वाचतो म्हणे.

पण पैशापेक्षा मोठा घात पुढे आहे. पोटॅश म्हणजे पालाशचं खत पूर्ण बंद करा म्हणाले, आमचे जिवाणू जमिनीतलाच पोटॅश मोकळा करतात. हे अर्धं खरं आहे ना, तिथेच माणूस अडकतो. पालाश मोकळा करणारे जिवाणू असतात, पण ते मातीत अडकलेल्यातला थोडाफार सोडवतात, नवीन तयार करत नाहीत. नत्राचं वेगळं, अ‍ॅझोटोबॅक्टर नावाचे जिवाणू तो हवेतून घेतात, पालाश काही हवेत नसतो. आणि केळीला शिफारसच झाडामागे २०० ग्रॅम पालाशची आहे. हे मला माहीत होतं हो, पण पोती वाचणार हा हिशोब डोक्यात बसला होता.

जानेवारीत खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळायला लागल्या. फोन केला तर म्हणे थंडीने जिवाणू झोपलेत, ऊन वाढलं की उठतील. खरंच असं म्हणाला, आणि मी महिनाभर वाट पाहिली! नंतर फोन बंद. बाग निसवली म्हणजे घड बाहेर पडले, पण बारीक, दरवर्षी बावीस-तेवीस किलोची रास (घडाचं सरासरी वजन) पडते ती सोळावर आली, व्यापाऱ्याने भावही पाडला.

पुतण्या कृषी महाविद्यालयात शिकतो, त्याने कॅनमधलं उरलेलं नेऊन प्लेटवर वाढवून बघितलं. पीएसबी असेल तर प्लेटवर जिवाणूंच्या ठिपक्याभोवती पारदर्शक वलय पडतं, इथे एकाही भोवती नाही, नुसतं यीस्ट उगवलं. म्हणजे पावात घालतात ते. गुळाच्या पाण्यात ते फुगा फुगवणारच की.

तालुक्याच्या कृषी कार्यालयात तक्रार द्यायला गेलो तर साहेबांनी पहिला प्रश्न केला, पक्कं बिल आणि सीलबंद कॅन आहे का? नमुना फोडलेल्या कॅनमधून घेत नाहीत. माझ्याकडे दोन्ही नाही. त्यांनीच मग कॅन फिरवून दाखवला, बॅच नंबर नाही, मुदत नाही, जिवाणूंची नावं नाहीत, संख्या नाही. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे द्रवरूप जिवाणू खतात एका मिलीत किमान १० कोटी जिवंत पेशी लागतात आणि तसं लेबलवर छापलेलं असतं. आठ कॅन घरात आले, मी एकदाही मागची बाजू वाचली नव्हती, घडाचा फोटोच बघत बसलो.

माझं बघून चुलतभावाने पण सहा कॅन घेतले होते. तो मला काही बोलला नाही. पण दरवर्षी मृगाआधी खतांची यादी करायला वही घेऊन माझ्याकडे येतो, यंदा आला नाही.