पुण्याचा मोठा डॉक्टर की अंबाजोगाईची ओपीडी? मराठवाड्यात मनाच्या आणि नात्याच्या त्रासासाठी कुठं जावं

मनाचा चांगला डॉक्टर कोण, हे आपल्याकडं कुणी स्वतःसाठी विचारत नाही. "एका पाहुण्याला दाखवायचंय" म्हणून विचारतात, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो: "तिथं ओळखीचं कुणी भेटणार नाही ना?" मराठवाड्यात दवाखान्याची निवड बहुतेक वेळा या पुढच्या प्रश्नावरच होते. मग धाराशिवचा माणूस सोलापूर गाठतो, नांदेडचा हैदराबादला जातो, बीडच्या ज्या घराला परवडतं ते थेट पुण्याला नेतं. एकदा जातात, महिन्याच्या गोळ्या आणतात. पुढची तारीख येते तेव्हा सोयाबीनची काढणी लागलेली असते, नाहीतर लेकराची परीक्षा असते. उपचार तिथंच थांबतो आणि "पुण्याला दाखवलं तरी गुण आला नाही" एवढंच गावात उरतं.

मनाच्या उपचारात पहिल्या भेटीला फार मोठं काही घडत नसतं. औषध लागू पडतंय का हे काही आठवड्यांनी बघून डोस बदलावा लागतो, आणि बोलण्याचे उपचार तर आठवड्या-आठवड्यानं पुढं सरकतात. म्हणून खालच्या सगळ्या पर्यायांना मी एकच माप लावलं आहे: तिथं पुन्हा जाता येईल का? खिशाला, एसटीच्या वेळेला आणि घरच्यांच्या नजरेला धरून.

औषध की बोलणं

हा वाद आपल्याकडं "गोळ्यांची सवय लागते" या वाक्यापाशी सुरू होतो आणि तिथंच संपतो. त्यात दोन प्रकारच्या गोळ्यांची गल्लत असते. झोप लागत नाही म्हणून ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून आणलेली अल्प्राझोलाम, तिची सवय खरोखर लागते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नसते. उदासीवर आणि सततच्या धास्तीवर देतात ती एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ही औषधं वेगळी. त्यांची तलफ येत नाही. मात्र एकदम बंद केली तर चक्कर येते, चिडचिड वाढते, झोप मोडते, म्हणून ती डॉक्टरच्या सांगण्यानं हळूहळू कमी करतात. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि मळमळ, अस्वस्थपणा मात्र पहिल्या आठवड्यातच होतो. नेमक्या त्याच आठवड्यात घरचे म्हणतात, "राहू दे, नको त्या गोळ्या." बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने औषध चालू ठेवायचं असतं, हे तर फार थोड्यांना सांगितलं जातं.

गोळी कुणाला लागते? दोन आठवड्यांहून जास्त दिवस, जवळपास रोज, कशातच जीव रमत नाही, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही, जेवण जात नाही, मरणाचे विचार येतात, अशी अवस्था असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे या विषयाचा एमडी (पदव्युत्तर पदवी) किंवा डीपीएम (पदविका) डॉक्टर. कानात आवाज येत असतील, विनाकारण संशय बळावला असेल किंवा झोपेविना माणूस भरमसाट बोलत आणि खर्च करत सुटला असेल, तर दुसरीकडं कुठंच वेळ घालवू नये. चांगला डॉक्टर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायला सांगतो. आपल्या भागात कितीतरी बायांचा थकवा आणि उदासपणा काही अंशी रक्तातल्या कमतरतेचा असतो, हे लक्षात घेतलं की त्या तपासण्यांचा राग येत नाही.

शरीर असं कोसळलेलं नाही, पण स्वतःचाच तिटकारा येतो, कुणी काही बोललं की आठवडाभर तेच डोक्यात फिरतं, अशांसाठी बोलण्याचा उपचार मला जास्त मोलाचा वाटतो. तो करणाऱ्यांत मात्र सरसकट सगळे सारखे नसतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडं असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. 'समुपदेशक' ही पाटी मात्र दोन वर्षं शिकलेलाही लावतो आणि पंधरा दिवसांचं प्रमाणपत्र घेतलेलाही.

आता स्वतःला स्वीकारण्याबद्दल, कारण सल्ल्याचा सगळ्यात जास्त गोंधळ इथंच आहे. व्याख्यानांत सांगतात, रोज आरशात बघून "मी ग्रेट आहे" म्हणा. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच्या उलट जाते. मराठीत ती रुजवण्याचं मोठं काम कि. मो. फडके यांनी केलं. तिचं म्हणणं असं की माणसाच्या एकेका कृतीला गुण द्यावेत, चूक असेल तर चूक म्हणावं, पण अख्ख्या माणसाला गुण देणं सोडावं. लातूरला शिकवणीसाठी ठेवलेला मुलगा नीटमध्ये मागं पडला, तर "माझा फिजिक्सचा अभ्यास कमी पडला" हे तपासता येतं, सुधारता येतं. "मी बिनकामाचा" हे ना तपासता येतं ना सुधारता येतं. त्याच्याखाली नुसतं दबून जाता येतं. ज्या घरानं एक एकर विकून फी भरली त्या घरातल्या मुलाला हा फरक एका बैठकीत पटत नाही. पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या प्रसंगांवर, लिहून घोटावा लागतो.

आणि नात्याचं भांडण इथूनच सुरू होतं, असं मला ठामपणे वाटतं. नवरा म्हणतो, "आज भाजी खारट झाली." ज्या बाईला आधीच आपण कुठल्या कामाच्या नाही असं वाटत असतं, तिला त्यात निकाल ऐकू येतो. ती एक तर उसळते, नाहीतर चार दिवस अबोला धरते. नवऱ्याचंही तसंच. कर्जाचा विषय काढला की त्याला वाटतं, आपली मर्दानगी काढली. भाजी आणि कर्ज बाजूलाच राहतात.

म्हणून माझा कौल असा: झोप, भूक आणि जगण्याची इच्छा ढासळली असेल तर औषध आधी, बोलणं मागून. नसेल तर बोलणं आधी. दोन्ही मिळत असतील तर दोन्ही.

सरकारी की खासगी

राज्याची जुनी मोठी मनोरुग्णालयं चार: पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नाही, म्हणून "आपल्याकडं सोयच नाही" असा समज पक्का झाला आहे. पण बहुतेकांना मनोरुग्णालय लागतच नाही, ओपीडी लागते. ती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात आहे, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयात आहे, लातूर आणि नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आहे. शिवाय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम जिल्हा रुग्णालयांतून चालतो. आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, उपचार मोफत आहेत. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे. दर महिन्याला जायचं असेल तर हे दोन्ही मिळून मोठा हिशेब होतो.

खोट कुठं आहे तर वेळेत. रांग दीड तासाची, डॉक्टरसमोर सात-आठ मिनिटं, आणि मागच्या खेपेचा शिकाऊ डॉक्टर या खेपेला असेलच असं नाही. दाराशी पुढचा नंबर उभा असतो. अशा ठिकाणी सासूबद्दल कोण बोलणार! निदान, औषध आणि नियमित तपासणी यासाठी सरकारी ओपीडी उत्तम. मन मोकळं करायला कमी पडते. महाविद्यालयाच्या ओपीडीत मात्र एक प्रश्न जरूर विचारा: "इथं मानसशास्त्रज्ञ बसतात का, त्यांचा वेगळा वार कोणता?" बसत असतील तर बोलण्याचा उपचारही तिथंच मिळू शकतो, आणि हे न विचारताच लोक परततात.

खासगीत वेळ जास्त मिळतो, डॉक्टर तोच राहतो, पण फीमध्ये प्रवास आणि बुडालेली मजुरी धरून हिशेब करा. जवळच्या शहरातला साधा डॉक्टर, ज्याच्याकडं वर्षभर जाता येईल, तो मी पुण्याच्या नावाजलेल्या डॉक्टरच्या वर धरीन. पुण्याला दुसरं मत घ्यायला जरूर जा; औषध इथंच कुणाच्या तरी नजरेखाली चालू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मनाचे आजार शरीराच्या आजारांसारखेच धरायला लावलं आहे, पण पॉलिसीत ओपीडीचा खर्च बहुधा नसतो, तेव्हा त्या भरवशावर राहू नये.

"कोण बघेल" ही भीती मी उडवून लावत नाही. तालुक्याच्या गावात ती खरी आहे. तोच २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्यात रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा हक्क आहे. डॉक्टरनं ती तुमच्या चुलत्यालाही सांगायची नसते. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच हा कायदा गृहीत धरतो, तेव्हा पोलीस केस होईल म्हणून दवाखाना टाळू नये. रांगेत ओळखीचं भेटलंच, तर तेही आपल्यासारखंच आलेलं असतं.

फोन की समोरासमोर

टेलि-मानसचा नंबर १४४१६. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही सेवा फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढं मानसोपचारतज्ज्ञाशी जोडतात. रात्री दोनला शेतातल्या आखाड्यावर बसलेल्या माणसाला याहून जवळचं दार नाही. पण पुढच्या वेळी फोनवर वेगळाच माणूस असू शकतो, पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. तेव्हा आणीबाणीला आणि 'कुठं जाऊ' हे विचारायला हा पहिला, वर्षाची सोबत म्हणून शेवटचा.

पैसे देऊन घ्यायच्या ऑनलाइन सत्रांचं उलटं आहे. तोच माणूस दर आठवड्याला भेटतो. साधारण हजार-दीड हजार एका सत्राचे, काही जण कमीही घेतात. यात अडचण नेटची कमी आणि खोलीची जास्त. दोन खोल्यांच्या घरात सासूच्या कानाआड बोलायचं कुठं? शाळेच्या रिकाम्या वर्गात, गच्चीवर, मोटारीत बसून सत्र घेणारे लोक आहेत. जागा सापडत असेल तरच हा मार्ग धरा.

बैठक की समुपदेशन

नवरा-बायकोचं बिनसलं की आपल्याकडं बैठक बसते. मामा, थोरले चुलते, एखादा माजी सरपंच. जमिनीच्या वाटणीत या बैठकीला तोड नाही. नात्यात मात्र ती दोषी कोण हे ठरवते आणि पोरीला "नांदायला पाठवा" म्हणून उठते. जोडप्याचं समुपदेशन दुसरंच काहीतरी बघतं: भांडण कसं चालतं. कोण मागं लागतं, कोण गप्प होऊन घराबाहेर पडतं, मग पहिलं आणखी मागं लागतं. हे चक्र दोघांना एकदा दिसलं की दोष देण्याचा जोर बराच ओसरतो. त्यासाठी दोघंही राजी हवेत. एकच राजी असेल तर त्यानं एकट्यानं जावं, कारण चक्रातला एक भाग बदलला की पुढचाही आधीसारखा फिरत नाही. पोलिसांचा भरोसा सेल किंवा कौटुंबिक न्यायालयातले समुपदेशक फुकट आहेत, पण तिथं प्रकरण तक्रारीपासून सुरू होतं. भांडण अजून कागदावर आलेलं नसेल तर आधी बाहेरचा समुपदेशक बघा.

मारहाण असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथं जोडीनं समुपदेशन नको. बाई समुपदेशकाच्या खोलीत जे खरं बोलेल त्याची किंमत घरी गेल्यावर मोजेल. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, जिल्ह्यातला संरक्षण अधिकारी, सखी वन स्टॉप सेंटर (त्रासातल्या बायांसाठीचं सरकारी मदत केंद्र), १८१ हा महिलांचा नंबर आणि तातडीला ११२, हा रस्ता आधी. दारू हे कारण असेल तर तिच्यावर वेगळा उपचार हवा. "लग्न टिकलं की दारू सुटेल" या आशेवर समुपदेशकाचे पैसे वाया जातात.

राहिला देवाधर्माचा मार्ग. गुरुवारची वारी, दर्ग्याचा धागा, यांना माझा विरोध नाही. गोळी बंद करायला सांगणाऱ्याला आहे. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

कुणी काय निवडावं

केजच्या पन्नाशीच्या शिक्षकाला झोप नाही, वजन उतरतंय: अंबाजोगाईची ओपीडी, याच आठवड्यात. लातूरला खोली करून राहणारी मुलगी निकालानंतर स्वतःला कोसतेय, पण खाते-पिते, मैत्रिणींशी बोलते: मानसशास्त्रज्ञ, दर आठवड्याला, आणि आई-वडिलांना एका सत्राला सोबत घेणं. ती "मी नसते तर बरं झालं असतं" असं बोलत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ आजच, आणि रात्री तिला एकटं ठेवू नये. जालन्याचं जोडपं, पाच वर्षांचा अबोला, मारहाण नाही: दोघांचं समुपदेशन, पहिली तीन सत्रं आधीच ठरवून.

सगळ्यात अवघड प्रश्न ऊसतोडीच्या कुटुंबाचा. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघतात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांना "दर आठवड्याला या" सांगणं ही थट्टा आहे. त्यांनी निघण्याआधीच डॉक्टरला हे सांगावं आणि जास्तीत जास्त किती दिवसांचं औषध मिळेल ते विचारावं. औषधाचं नाव आणि डोस लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी, म्हणजे कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात पुढचा डॉक्टर तेच चालू ठेवू शकतो. मधल्या महिन्यांत १४४१६ हा नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्यावा. फक्त नवऱ्याच्या नको.